मोजणी पुरी आहे

या वर्षी संपादकांनी अंकासाठी विषय दिला तो ‘घर’. घर म्हटलं की लेख येतात ते वाड्यांवर, चाळींवर, आजोळांवर. पण सरकारी दप्तरातही एक घर असतं आणि ते कायम जोडशब्दात येतं : निरीक्षणगृह, विशेष गृह, बालगृह. लोक या सगळ्यांना सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘बालसुधारगृह’ लिहितात. शब्द कुठलाही घ्या, त्यात घर आहेच. त्या घरात रात्री दिवे मालवतो कोण, ताटात आमटी वाढतो कोण आणि दोन पोरं एकमेकांच्या अंगावर धावली की मध्ये पडतो कोण, हे पाहायला गेलं तर कायद्याचं पुस्तक निम्म्या वाटेवर सोडून जातं.

रोह्याहून कर्जतला

रोहा स्टेशनवर मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. गावाचं दैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस तिला सशस्त्र सलामी देतात. गावाला लागून धाटावची रासायनिक वसाहत आहे. तिकडे पेणला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. मधल्या डोंगरपट्ट्यात कातकऱ्यांच्या वाड्या. दिवाळी सरली की त्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

अशा मुलखात सोळा वर्षांचा एखादा मुलगा मोटारसायकल चोरताना किंवा मारामारीत सापडला, तर त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांतली एक स्त्री असलीच पाहिजे. कायद्याच्या भाषेत तो आरोपी नसतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. हा शब्द उच्चारताना पोलीसही एकदा अडखळतात. बहुतेक मुलं जामिनावर घरी जातात आणि जावीत अशीच कायद्याची इच्छा आहे. ज्यांना जामीन मिळत नाही, किंवा मिळूनही न्यायला कुणी येत नाही, ती निरीक्षणगृहात जातात. रायगडातल्या मुलांसाठीचं निरीक्षणगृह कर्जतला आहे.

नकाशात रोहा आणि कर्जत एकाच जिल्ह्यात दिसतात. पण गाडीने जायचं तर पेण, पनवेल करत वळसा पडतो आणि रस्त्याने नागोठणे, पाली, खोपोली. ज्या आईला भेटीसाठी यायचंय तिची एक दिवसाची मजुरी बुडते, वर भाडं जातं. म्हणून ती दर आठवड्याला येत नाही. आत बसलेला मुलगा मात्र भाड्याचा हिशेब करत नाही. त्याचा अर्थ तो एवढाच लावतो, की आई आली नाही. त्या संध्याकाळी तो जेवत नाही किंवा शेजारच्याच्या ताटाला लाथ मारतो. ड्युटीवरच्या माणसाला हे ठाऊक असेल तर तो ताट उचलून ठेवतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा पुढे करतो. ठाऊक नसेल तर नोंदवहीत ‘बेशिस्त वर्तन’ अशी एक ओळ पडते.

डोंगरीच्या भिंती

महाराष्ट्रात हा प्रश्न आजचा नाही. मुंबईत डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी १८५०च्या सुमारास रस्त्यावरच्या आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी उद्योगशाळा काढली. १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीने तिला बळ आलं आणि त्यांचंच नाव मिळालं. ते नाव आजही माहीम-माटुंग्याकडच्या डेव्हिड ससून औद्योगिक शाळेवर आहे. पुढे १९२४चा मुंबई बालक कायदा आला आणि १९२७मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. तेव्हापासून मुंबईतली ही गृहं मुख्यतः तीच चालवते. जिल्ह्याजिल्ह्यांत हे काम बऱ्याच ठिकाणी ‘जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना’ अशा लांबलचक नावाच्या संस्थांकडे आहे.

डोंगरीच्या निरीक्षणगृहाची गोष्ट मराठी वाचकाला निराळ्या कारणाने ठाऊक असते. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर याच डोंगरीच्या तुरुंगात राहिले. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तकच लिहिलं. तो तुरुंग पुढे मुलांचं निरीक्षणगृह झाला. नियम सांगतो की अशी गृहं तुरुंगासारखी किंवा कोठडीसारखी दिसता कामा नयेत. डोंगरीच्या भिंतींना हे सांगणार कोण? त्या तुरुंगासाठीच बांधल्या होत्या.

याच मुंबईतल्या गृहांच्या कारभारावर पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा नेला. मुलं महिनोन्‌महिने अडकून पडतात, त्यांना घरी पोहोचवलं जात नाही, त्यांच्याकडून आत कामं करून घेतली जातात, अशा तक्रारी होत्या. डिसेंबर १९८६च्या निकालात न्यायालयाने एक साधी गोष्ट सांगितली : तळमळीची माणसं शोधा, त्यांना नीट शिकवा आणि अशांनाच या गृहांत नेमा. याला चाळीस वर्षं होत आली. बाल न्याय कायदा त्यानंतर दोनदा नव्याने लिहिला गेला : २०००, २०१५. नेमणुकीच्या प्रश्नावर मात्र अजून ते एक वाक्यच सगळ्यांत नेमकं आहे.

चार माणसं, एकवीस पाळ्या

आता थोडं गणित. केंद्राच्या नमुना नियमांतल्या आकृतिबंधात पन्नास मुलांच्या संस्थेसाठी अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, स्वयंपाकी वगैरे मंडळी आहेत. पण मुलांबरोबर प्रत्यक्ष राहणारा माणूस म्हणजे गृहपिता किंवा गृहमाता. आपल्याकडे त्याला काळजीवाहक म्हणतात. असे चार. (मुलींच्या गृहात सगळा कर्मचारीवर्ग स्त्रियांचाच असावा लागतो.) दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. चार माणसं प्रत्येकी सहा दिवस आली तर चोवीस पाळ्या भरतात. म्हणजे एका पाळीला एक माणूस आणि आठवड्याला तीन पाळ्या शिल्लक. एकाच्या घरी लग्न निघालं, दुसऱ्याला ताप आला, की शिल्लक संपली. चारांतली एक जागा रिकामी असेल तर बोलायलाच नको.

त्याच नियमांप्रमाणे पन्नास मुलं झोपतात ती दोन खोल्यांत, पंचवीस-पंचवीस. माणूस एक. तो या खोलीत असतो तेव्हा त्या खोलीत नसतो. हे इतकं उघड आहे की कुठल्या अहवालात लिहायची कुणाला गरज वाटत नाही.

म्हणून काळजीवाहकाच्या कामाचा कणा म्हणजे मोजणी. पाळी बदलताना मोजणी, नाश्त्याला मोजणी, मैदानावरून परतताना मोजणी, झोपताना मोजणी. जाणारा येणाऱ्याला आकडा सांगतो, येणारा माना मोजून घेतो आणि वहीत सही होते. मोजणी पुरी असेल तर दिवस बरा गेला. कुणी पळालं नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे. अधीक्षकाला वरून फोन येतो तोही बहुधा आकडा विचारायला.

पळण्याची ही धास्ती समजण्यासारखी आहे, कारण मुलगा पळाला की नोकरी जाते ती काळजीवाहकाची. कायदा मात्र मुलाच्या बाबतीत इथे चकित करण्याइतका मऊ आहे. पळालेलं मूल सापडलं की चोवीस तासांत त्याला मंडळापुढे आणायचं, पण पळाल्याबद्दल त्याच्यावर वेगळी कारवाई करायची नाही. मूल घराकडे धावणारच, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं आहे. पाळीवरच्या माणसाला मात्र तसं गृहीत धरून चालत नाही.

पाच ते नऊ

निरीक्षणगृहातली सकाळ सोपी असते. उठणं, न्हाणीघराची रांग, नाश्ता, प्रार्थना, वर्ग. नियमाने सात मुलांमागे एक शौचालय आणि दहांमागे एक न्हाणीघर, तेव्हा रांगेत ढकलाढकली होते. पण पुढे जायची घाई सगळ्यांनाच असते. दिवसा शिक्षक असतात, परिविक्षा अधिकारी असतात, समुपदेशक असतात. कुणाची मंडळापुढे तारीख असते, कुणाची भेट. ‘सर, माझी तारीख कधी?’ हा इथला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न.

पाच वाजता ऑफिस रिकामं होतं. शिकलेली, पदवीवाली मंडळी घरी जातात. ज्याला सगळ्यांत कमी शिकवलंय आणि सगळ्यांत कमी पगार आहे, तो माणूस मागे राहतो आणि त्याच्या पुढ्यात पन्नास मुलं. इथून नऊपर्यंतचे चार तास हेच या घराचं खरं काम. मारामाऱ्या होतात त्या याच वेळी, आणि त्याही बहुधा एक गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याच्या फटीत : मैदानावरून आत येताना, जेवणाच्या रांगेत, टीव्ही बंद करताना.

कुठल्या गोष्टीवरून भडका उडेल याची यादी कुणी छापत नाही, पण जुना काळजीवाहक ती बोटांवर सांगू शकतो. खिडकीजवळची जागा कुणाची? टीव्हीचा रिमोट कुणाच्या हाती? वाढप्याने कुणाच्या ताटात जास्त घातलं? कॅरमची राणी कुणी लपवली? कुणी कुणाच्या आईवरून काय बोललं? नवा मुलगा आला की पहिल्या दोन रात्रीत त्याची ‘जागा’ ठरते. ती ठरवायला जुनी पोरं टपलेलीच असतात. गुटखा, मशेरी किंवा नशेची चटक सुटलेला मुलगा पहिल्या आठवड्यात झोपत नाही, उगाच चिडतो, घामाघूम होतो. त्याला डॉक्टर हवा असतो. मिळते बऱ्याचदा दटावणी.

मुरलेला माणूस अशा वेळी काय करतो? पहिली गोष्ट, तो ओरडत नाही. ओरडलं की बाकीची अठ्ठेचाळीस पोरं तमाशा पाहायला जमतात, आणि प्रेक्षक जमले की कुठल्याच पोराला माघार घेता येत नाही. तो आधी प्रेक्षकांना हलवतो. कुणाला पाणी भरायला, कुणाला चादरी झटकायला लावतो. भांडणाऱ्या दोघांतल्या कमी तापलेल्याला नावाने हाक मारून बाहेर घेतो. उरलेल्याजवळ जाऊन बसतो, पण समोर उभा राहत नाही, दार अडवत नाही. विचारपूस नंतर. नोंद त्याहून नंतर. यातलं काहीच कुठल्या परिपत्रकात नाही. ज्याला हे साधतं, त्याला ते अंगवळणी पडलेलं असतं.

ज्याला साधत नाही त्याच्यापुढे दोन आडवाटा असतात. एक म्हणजे हात उचलणं. शिस्तीसाठी मुलाला मारलं तर २०१५च्या कायद्यात पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आहे, पुन्हा मारलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि नोकरीतून बडतर्फी. दुसरी वाट जास्त सोयीची आणि म्हणूनच जास्त रुळलेली. खोलीतल्या सगळ्यांत दांडग्या पोराला ‘मॉनिटर’ करायचं. मग मोजणी तोच देतो, शांतता तोच ठेवतो, आणि दिवे मालवल्यावर अंधारात काय चालतं ते फक्त लहान पोरांना ठाऊक असतं. काळजीवाहकाला विश्रांती मिळते. वरच्यांना वाटतं, खोली शिस्तीत आहे. पन्नास मुलांमागे एक माणूस ठेवणाऱ्या व्यवस्थेने ही भाईगिरी आपल्याच हाताने जन्माला घातलेली असते, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

कायद्याने यावर उतारा म्हणून मुलांच्या समित्या सांगितल्या आहेत आणि सूचनापेटीही. पेटीची किल्ली अधीक्षकाकडे नव्हे, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि पेटी ऑफिसपासून लांब, मुलांच्या हाताला येईल अशी असावी. कल्पना शहाणपणाची. पण चौथीत शाळा सुटलेल्या मुलाने चिठ्ठी लिहायची कशी, हा प्रश्न उरतोच. अशा घरात पेटीपेक्षा स्वयंपाकघर जास्त खबर देतं. भाजी निवडायला बसलेली मुलं स्वयंपाकीणबाईंना जे सांगतात, ते समुपदेशकाच्या टेबलापर्यंत क्वचितच पोहोचतं. स्वयंपाकीणबाईंना आठवड्याच्या बैठकीला बसवणारा अधीक्षक भेटला तर त्याच्या घरात कमी मारामाऱ्या होत असणार, यावर पैज लावायला हरकत नाही.

शंभर रुपयांचा दिवस

आहाराचं कोष्टक नियमांना जोडलेलं आहे. तांदूळ, गहू, ज्वारी किंवा नाचणी मिळून दिवसाला ६०० ग्रॅम, सोळा ते अठरा वयाच्या मुलांना ७००. डाळ १२० ग्रॅम. आठवड्यातून एकदा चिकन, न खाणाऱ्यांना गूळ-शेंगदाणे किंवा पनीर. वाढत्या वयाचा पोरगा किती भात खातो हे ज्याने कोष्टक केलं त्याला ठाऊक होतं, हे मान्य केलं पाहिजे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत संस्थेला मुलामागे महिन्याला तीन हजार रुपये देखभाल अनुदान धरलेलं आहे. म्हणजे दिवसाला शंभर. त्यात जेवण, कपडे, साबण, अंथरूण सगळं बसवायचं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने काहीच वाळत नाही. ओल्या चादरी, त्यातून होणारी खरूज आणि तिच्या मलमाचा खर्चही त्याच शंभरात.

दिवाळीत चित्र पालटतं. देणगीदार फराळाचे डबे घेऊन येतात. एका दिवशी तीन-तीन संस्था आल्या की पोरांची पोटं बिघडतात. फोटो काढायची फार हौस असते. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे या मुलांचा चेहरा, नाव, पत्ता काहीच प्रसिद्ध करता येत नाही, म्हणून फोटोत नुसत्या पाठी आणि पुढ्यात हसरे दाते. आषाढात मात्र कुणी फिरकत नाही. (या लेखातही एकाही मुलाचं नाव नाही, ते याच कलमामुळे.)

डोळ्यांची आखणी

प्रत्येक मुलासाठी ‘वैयक्तिक काळजी योजना’ करावी लागते, आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी घरी जाऊन यायचं, शेजारी विचारायचं, शाळेत विचारायचं. रायगडात डिसेंबरात एखाद्या कातकरी मुलाच्या घरी गेलं तर घराला कूड असतो, माणूस नसतो. सगळे भट्टीवर. अहवालात मग ‘पालक उपलब्ध नाहीत’ असं पडतं. मंडळ ते वाचतं आणि जामिनाला जबाबदार कोण, हा प्रश्न लोंबकळत राहतो. गुन्हा किरकोळ असला तरी मुलगा आत थांबतो, कारण आईबाप विटा पाडायला गेले आहेत. चौकशी चार महिन्यांत संपवावी, फार तर आणखी दोन महिने घ्यावेत, असं कायदा म्हणतो. भट्टीचा हंगाम त्याहून मोठा असतो.

योजनेत ‘व्यवसाय प्रशिक्षण’ असा रकाना असतो. तिथे बहुधा संस्थेत जे यंत्र आहे तेच लिहिलं जातं : शिवणकाम, सुतारकाम, संगणक. या हाताला आधीपासून काय येतं, हे विचारणारा क्वचित. पेणच्या कारखान्यात दोन हंगाम काढलेल्या मुलाला मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना पाहावं. श्वास रोखून, एका हाताला दुसऱ्याचा आधार देऊन, एका फटकाऱ्यात. जो इतका वेळ हात स्थिर ठेवू शकतो त्याला ‘एकाग्रतेचा अभाव’ असा शेरा मिळाला असेल, तर चूक शेरा लिहिणाऱ्याची. पाच ते नऊच्या मोकळ्या वेळात अशा मुलापुढे शाडूचा गोळा ठेवला तर तो एकटाच नव्हे, आजूबाजूचे दहाजण गप्प बसतील. शाडूला फार खर्च येत नाही.

मुलाला इतकं ओळखायचं तर गट लहान हवा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याने १९८३ साली बूनव्हिलची आपली अवाढव्य सुधारशाळा बंद केली आणि मुलांना त्यांच्या घरांजवळच्या लहान केंद्रांत वाटून दिलं. दहा-बारा मुलांचा एक गट आणि त्या गटाबरोबर सदैव तीच माणसं. गट एकत्र उठतो, एकत्र शिकतो, भांडण झालं तर सगळे गोल बसून बोलतात. आपल्याकडे मिझुरीचा पैसा नाही, हे खरं. पण पंचवीस जणांच्या खोलीचे दोन गट करणं आणि त्याच गटाला तोच काळजीवाहक देणं, याला पैशापेक्षा माणसं पुरी भरायची इच्छा लागते.

पण माणसं किती, हे विचारतो कोण? मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघे गेले. मंडळाने घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर गदारोळ झाला. मुलगा काही आठवडे निरीक्षणगृहात राहिला आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आला. त्या काळात निबंधावर जेवढी चर्चा झाली तिच्या शंभराव्या हिश्श्याने तरी कुणी विचारलं का, की त्या गृहातल्या बाकीच्या मुलांसाठी रात्री किती माणसं असतात?

दरवाजाबाहेर

मुलगा सुटतो तो दिवस साधाच असतो. मंडळाचा आदेश येतो, पालक सही करतात, जमा केलेले कपडे आणि मोबाइल परत मिळतो. संध्याकाळच्या मोजणीत आकडा एकाने घटतो आणि वहीत सही होते. मोजणी पुरी आहे.

यापुढचं काम रोहा-पेणकडचं. कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला त्या प्रकरणामुळे कुठलीही अपात्रता येत नाही आणि मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. पण गावात नोंद कागदावर नसते. धाटावच्या ठेकेदाराकडे कामाला गेला की कुणीतरी ‘हा आत होता’ असं कानात सांगतो आणि दुसऱ्या दिवशी गेटपास मिळत नाही. वाचकांत ठेकेदार असतील, कारखानदार असतील, पेणचे मूर्तिकारही असतील. पुढचा हंगाम माघात सुरू होईल आणि आखणीला हात कमी पडतील. असा मुलगा दारात आला तर त्याला एवढंच विचारा, की ब्रश धरता येतो का. आणि येत असेल तर उद्यापासून ये म्हणा.